घर एका कागदावर, मासा दुसऱ्या

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे मूळचे चिपळूणचे, चौदा वर्षं एडिंबरात नोकरीला, तिथे स्वतःचं घर आहे. स्कॉटलंडमधल्याच पर्थशायरमध्ये टे नदीच्या एका उपनदीवर त्यांनी दगडी कॉटेज पाहिलंय. तीन खोल्या, अर्धा एकर बाग, आणि जाहिरातीत एक ओळ: ‘खासगी सॅल्मन मासेमारी, एक काठ, सुमारे ३५० मीटर’. मागणी ‘३,८५,००० पौंडांच्या वर’. बोली लावायला दहा दिवस उरलेत. आजूबाजूच्या घरांशी तुलना करता मासेमारीपोटी साठ-सत्तर हजार जास्त मागताहेत असं त्यांना वाटतं. भाव रास्त आहे का, हा त्यांचा सवाल. आणि जाता जाता दुसरा: वडील गणपती झाल्यावर येणार आहेत, लहानपणापासून वाशिष्ठीत गळ टाकलेला माणूस, त्यांना तिथे बसता येईल ना?

वडिलांचं उत्तर शेवटी देते, ते सोपं आहे. भावाचं मात्र आत्ता देता येत नाही, कारण विकायला नक्की काय काढलंय हेच अजून तुम्हाला माहीत नाही. जाहिरातीतली ओळ एस्टेट एजंटने लिहिली आहे. एजंटने ती मालकाच्या तोंडून ऐकली, आणि मालकाने बहुतेक त्याच्या आधीच्या मालकाच्या तोंडून.

मी पर्थमध्ये एकोणीस वर्षं ग्रामीण मालमत्तांच्या खरेदी-विक्रीचं काम करते, त्याआधी पुण्यात थोडी वकिली केली. तुमच्या व्यवहाराचे कागद मी पाहिलेले नाहीत. त्यामुळे खालचं सगळं ‘असं असेल तर असं’ या धर्तीवर वाचा. बरंच काही तुम्ही तिथे राहणार की सुट्टीपुरते जाणार, स्वतः मासे धरता की नाही, कर्ज काढणार की रोखीने घेणार यावरही आहे. पण एक गोष्ट कशावरच अवलंबून नाही, म्हणून ती आधी.

स्कॉटलंडमध्ये सॅल्मन धरण्याचा हक्क ही स्वतंत्र स्थावर मालमत्ता आहे. जमिनीला चिकटलेली सोय नव्हे, जमिनीसारखीच वेगळी मालमत्ता: वेगळी विकता येते, वेगळी वारसाने जाते, तिच्यावर वेगळं कर्जही काढता येतं. मुळात हा हक्क राजाचा. राजाने ज्याला सनदेने दिला त्याचा तो झाला, आणि ज्याबद्दल कुणालाच सनद नाही तो आजही राजसत्तेकडेच आहे, त्याचा कारभार क्राउन इस्टेट स्कॉटलंड पाहते. म्हणजे नदीचा काठ तुमचा, तळाची जमीनही निम्म्यापर्यंत तुमची, आणि त्यावरून पोहत जाणारा सॅल्मन धरायचा हक्क पलीकडच्या जमीनदाराचा, असं अगदी सर्रास असतं. गेल्या शंभर-दीडशे वर्षांत मोठ्या इस्टेटींनी नोकरांची, गिरणीवाल्यांची, गेटवरची छोटी घरं एकेक करून विकली, आणि विकताना मासेमारी स्वतःकडे राखून ठेवली. ती राखलेली ओळ जुन्या खरेदीखतात असते. नव्या जाहिरातीत नसते.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर सातबाऱ्यावर नाव तुमचं, पण ‘इतर हक्क’च्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय कुणी इसार देत नाही. इथे तो रकाना वेगळ्याच कागदावर, कधी तर वेगळ्याच नोंदवहीत असतो. घराची नोंद नव्या लँड रजिस्टरमध्ये आलेली असते, आणि मासेमारीची नोंद अजून १६१७ पासून चालत आलेल्या सेसीन रजिस्टरमध्येच पडून असते. म्हणून वकिलाला दोन्हीकडे शोध घ्यायला सांगा. शहरातल्या फ्लॅटची कामं करणारा वकील असेल तर तो आपणहून दुसरीकडे बघेलच असं नाही.

ट्राउट या माशाचं मात्र उलट आहे. तो काठाच्या जमिनीबरोबर येतो, त्याला वेगळी सनद लागत नाही. घोळ नेमका इथेच होतो. मालक वीस वर्षं संध्याकाळी ट्राउट धरत बसलेला असतो, त्याला कुणी हटकलेलं नसतं, मग विकताना तो प्रामाणिकपणे सांगतो की मासेमारी आहे. एजंट ‘सॅल्मन’ हा शब्द जोडतो, कारण नदीत सॅल्मन आहेतच. आणखी एक पाचर: समुद्रात जाऊन येणारा ट्राउट, ज्याला इथे सी ट्राउट म्हणतात, तो कायद्याने सॅल्मनच्या बाजूला मोजला जातो. सॅल्मनचा हक्क नसेल तर तोही तुमचा नाही.

माझ्याकडे एक जोडपं आलं होतं, घर घेऊन झाल्यावर. दुसऱ्याच वकिलाने व्यवहार केला होता. फेब्रुवारीतली सकाळ, बाई स्वयंपाकघरात चहा करत होत्या, आणि खिडकीसमोरून छातीपर्यंत रबरी विजारी चढवलेली तीन माणसं खांद्यावर गळाच्या पंधरा फुटी दांड्या घेऊन शांतपणे त्यांच्या गवतावरून नदीकडे गेली. पैकी एकाने टोपी काढून नमस्कारही केला. नवरा तावातावाने बाहेर गेला, तर त्या टोपीवाल्याने, तो तिथला गिली होता, म्हणजे नदीची राखण करणारा आणि गिऱ्हाइकांना मासे धरायला नेणारा माणूस, त्याने नम्रपणे सांगितलं की हा काठ वरच्या इस्टेटीचा बीट, म्हणजे मासेमारीसाठी राखलेला नदीचा तुकडा, आहे आणि साहेबांच्या बागेतून जायची वाट जुनी आहे. त्याचं बरोबर होतं. सॅल्मनचा हक्क ज्याचा, त्याला तो बजावण्यासाठी काठावरून जायचा-यायचा हक्कही कायद्याने मिळतो, मालकाला कमीत कमी त्रास होईल अशा रीतीने. त्या जोडप्याने खासगी मासेमारीचे पैसे मोजले आणि हाती आली दुसऱ्याच्या मासेमारीची पायवाट. मला त्यांच्यासाठी फारसं काही करता आलं नाही.

म्हणून पहिलं काम: खरेदीखतातले नेमके शब्द मागवा. ‘सॅल्मन मासेमारीसह’ असे स्पष्ट शब्द, आणि ते राजाच्या मूळ सनदेपर्यंत अखंड जोडलेले, असतील तर उत्तम. जुन्या कागदांत ते लॅटिनमध्ये असतात, घाबरू नका, वकील वाचतो. नुसतं ‘मासेमारीसह’ एवढंच असेल तर तेवढ्याने सॅल्मन मिळत नाही. पण दार बंदही होत नाही. तिथे वहिवाट येते.

वहिवाट हा शब्द आपल्याला कुणी शिकवायला नको. इथला नियम असा की नोंदलेल्या खतात ‘मासेमारी’ असा मोघम शब्द असेल, आणि त्याच्या आधारे सलग दहा वर्षं उघडपणे, भांडणतंट्याशिवाय, कुणी कोर्टात हरकत न घेता सॅल्मनसाठी मासेमारी केली असेल, तर हक्क पक्का होतो. १९७३ च्या मुदतीच्या कायद्याने ही दहा वर्षं ठरली. कागदाशिवाय नुसती वहिवाट चालत नाही, आणि मोघम कागद वहिवाटीशिवाय चालत नाही. दोन्ही हवं. शिवाय वहिवाट सॅल्मनची हवी. काठावर खुर्ची टाकून ट्राउट धरल्याची दहा वर्षं इथे उपयोगाची नाहीत.

मग पुरावा काय बघायचा? पकडीची वही. नदीवरच्या झोपडीत, नाहीतर मालकाच्या जिन्याखालच्या कपाटात ती असते. मी पाहिलेली सगळ्यात चांगली वही एका विधवा बाईंनी मला जेवणाच्या टेबलावर उघडून दाखवली होती. हिरव्या कापडाची बांधणी, पानं ओल लागून फुगलेली, अक्षर पेन्सिलचं, कारण ओल्या हाताने शाई टिकत नाही. तारीख, कुठला डोह, पाण्याची उंची, माशाचं वजन, कुठली माशी वापरली. इथली ‘माशी’ म्हणजे गळाला बांधलेली रंगीत पिसांची आणि केसांची नक्कल. एका पानावर एप्रिलच्या तीन नोंदी, मग चार आठवडे नुसतं ‘पाणी कमी’, ‘पाणी कमी’. ती वही मला लगेच खरी वाटली, कारण तिच्यात मासे न मिळाल्याचे दिवस होते. खोटी वही लिहिणारा माणूस रिकामे दिवस लिहीत नाही. त्या वहीवर, शेजारच्या गिलीच्या प्रतिज्ञापत्रावर आणि मासेमारी मंडळाच्या पट्टीच्या पावत्यांवर आम्ही तो हक्क उभा केला.

या पट्टीचं बघाच. स्कॉटलंडमध्ये १८६० च्या दशकातल्या कायद्यांपासून नदीनिहाय सॅल्मन मासेमारी मंडळं आहेत. मालकांच्या हक्कांचं करयोग्य मूल्य मूल्यांकन यादीत लागतं आणि त्यावर मंडळ दरवर्षी पट्टी घेतं. तुमच्या विक्रेत्याला विचारा: मंडळाची पट्टी कोणाच्या नावाने येते? दरवर्षी किती मासे धरले याचं विवरणपत्र सरकारला कोण भरतं? सॅल्मनचा खरा मालक या दोन्ही प्रश्नांना कपाटातून फाइल काढून उत्तर देतो. ‘ते काही नसतं हो आमच्याकडे’ असं उत्तर आलं, तर बहुतेक वेळा त्याच्याकडे मासेमारीही नसते.

समजा, हक्क पक्का निघाला. तरी ‘३५० मीटर, एक काठ’ म्हणजे किती, हा प्रश्न उरतोच. एक काठ म्हणजे समोरच्या काठावर दुसरा मालक आहे आणि मधल्या रेषेपाशी तुमचा हक्क थांबतो. दोघांनी एकाच वेळी एकाच डोहात माशा फेकायच्या तर दोऱ्या गुंततात आणि माणसंही. म्हणून पुष्कळ ठिकाणी लेखी किंवा तोंडी करार असतात: सकाळी हा काठ, दुपारी तो, किंवा एक दिवसाआड. तोंडी करार मालक बदलला की हवेत विरतात. किती दांड्या एका वेळी चालतील यावर खतात मर्यादा असू शकते. आणि काही ठिकाणी तर हक्क आठवड्यांमध्ये कापून विकलेला असतो: ऑगस्टचा दुसरा आठवडा याचा, सप्टेंबरचा पहिला त्याचा. तुम्हाला विकताहेत तो हक्क सगळ्या हंगामाचा आहे की मासा नसतो त्या दिवसांचा, हे विचारलंच पाहिजे.

यापलीकडे जे आहे ते कुठलाच वकील सांगू शकत नाही, ते पाण्यात उभं राहूनच कळतं. सॅल्मन समुद्रातून अंडी घालायला नदीत चढतो. नदीत आला की तो खात नाही. तो चढतो, थकला की डोहात थांबतो, पाऊस येऊन पाणी वाढलं की पुन्हा चढतो. थांबलेला मासाच गळाला लागतो. त्यामुळे ३५० मीटरमध्ये एक चांगला डोह असेल तर ते पाणी सोन्याचं, आणि नुसतंच उथळ, खळाळतं पाणी असेल तर मासे तुमच्या खिडकीखालून रात्रीत निघून जातील. दिसतीलही, उड्या मारताना. धरायला मिळणार नाहीत. जुन्या मालकांनी कधीकधी दगडांचे बांध नदीत आडवे घातलेले असतात, त्याला इथे क्रॉय म्हणतात, त्याच्या आडोशाला मासा थांबतो. असा क्रॉय पुरात वाहून गेला असेल तर तो आपल्या मनाने पुन्हा बांधता येत नाही, परवानगी लागते. वरच्या आणि खालच्या बीटच्या गिलीला जाऊन भेटा, एक दिवसाचं तिकीट काढून खालच्या बीटवर मासेमारी करा आणि गप्पा मारा. शंभर पानी अहवालापेक्षा तो दिवस स्वस्त पडेल. गिली लोक मोजून-मापून बोलतात, पण ‘तिथे मासा थांबतो का’ याचं उत्तर देताना त्यांचा चेहराच सगळं सांगतो.

आता भाव. इथल्या दलालांचा जुना हिशेब माशामागे इतके पौंड असा आहे: गेल्या पाच किंवा दहा वर्षांच्या पकडीची सरासरी काढायची, तिला एका आकड्याने गुणायचं, तो आकडा काही हजारांत असतो. वसंतातल्या माशाला जास्त, शरदातल्याला कमी. गणित साधं दिसतं, पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे, की पुढची दहा वर्षं मागच्या दहासारखी असतील.

तशी ती नाहीत. स्कॉटलंडमध्ये गळाने धरलेल्या जंगली सॅल्मनची अधिकृत नोंद १९५२ पासून आहे. २०१० साली वर्षाला लाखभर मासे धरले गेले होते. २०२३ चा आकडा ३३ हजारांच्याही आत आला, नोंद सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात कमी. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ब्रिटनमधल्या अटलांटिक सॅल्मनला ‘संकटग्रस्त’ यादीत टाकलं. समुद्रात गेलेली पिल्लं परत येण्याचं प्रमाणच घटलंय, नद्या तापताहेत, अशी कारणं एकात एक अडकलेली आहेत. तुमच्या ३५० मीटरवर तुम्ही कितीही झाडं लावलीत तरी समुद्रात काय होतं ते तुमच्या हातात नाही. टे म्हणजे तीच नदी जिच्यात ७ ऑक्टोबर १९२२ ला जॉर्जिना बॅलंटाइन या बाईंनी ६४ पौंडांचा, म्हणजे २९ किलोचा सॅल्मन धरला, जो ब्रिटनमधला गळाचा विक्रम म्हणून आजही कायम आहे. एजंट ही गोष्ट तुम्हाला नक्की ऐकवेल. शंभर वर्षांपूर्वीची आहे, एवढं लक्षात ठेवा.

माझं मत विचाराल तर घराची किंमत मासा शून्य धरून काढा. तेवढ्या पैशात ते घर, ती बाग, तो काठ तुम्हाला हवासा वाटत असेल तर घ्या. वरची रक्कम हौसेची समजा. हौसेला मोल नसतं असं म्हणतात, पण हौसेच्या पैशावर कर्ज काढू नका आणि परतावा धरू नका. कमाईचा विचार असेल तर दोन-तीन दांड्यांची दिवसाची तिकिटं विकून पट्टी आणि गवतकापणी निघते, फार तर. माझ्या ओळखीचे काही लोक याच्याशी सहमत नाहीत. चांगल्या बीटच्या किमती मासे घटूनही टिकल्या आहेत, असं ते म्हणतात, आणि मोठ्या, नावाजलेल्या बीटबद्दल ते खरंही आहे. त्या घेणाऱ्यांना परताव्याची पर्वा नसते. एका काठाच्या ३५० मीटरला ते गिऱ्हाईक येत नाही.

घराबद्दल मी थोडक्यात सांगते, एक पुराचा भाग सोडून. तुम्ही चिपळूणचे, २२ जुलै २०२१ तुम्हाला मी काय सांगणार. निळी पूररेषा, लाल पूररेषा तुमच्या घरी जेवताना बोलली गेली असेल. इथे सेपा ही पर्यावरण संस्था नकाशे काढते: दहा वर्षांत एकदा, दोनशे वर्षांत एकदा, हजार वर्षांत एकदा, असे तीन पट्टे. नकाशा बघा, पण त्यावर थांबू नका. ३० डिसेंबर २०१५ ला फ्रँक वादळात डी नदी बॅलटर गावात घुसली, आणि थोड्या वर ॲबरगेल्डी किल्ल्याखालचा काठ अशी काही कापत गेली की शेकडो वर्षांचा बुरूज नदीच्या कडेवर लटकल्यासारखा उभा राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये बाबेट वादळात साउथ एस्क नदीने ब्रीकिनमध्ये पूरसंरक्षणाची भिंत ओलांडली. पाणी घरात येणं वेगळं आणि काठच सरकणं वेगळं. काठ सरकण्याचा विमा नीट होत नाही. म्हणून कॉटेजच्या बाहेरच्या भिंतीपासून काठाच्या कडेपर्यंत स्वतः पावलं मोजा, आणि जुन्या नकाशात ते अंतर किती होतं ते बघा. काठ कापला जात असेल तर दगड टाकून तो थोपवायला सेपाची परवानगी लागते, आणि टे ही संरक्षित नदी असल्यामुळे ती सहज मिळत नाही. विम्याची चौकशी बोली लावण्याआधी करा, नंतर नव्हे. पुराच्या धोक्यातल्या घरांसाठी फ्लड री नावाची योजना आहे, पण १ जानेवारी २००९ नंतर बांधलेलं घर तिच्यात बसत नाही. तुमचं जुनं दगडी आहे, बहुधा बसेल. पण सुट्टीत भाड्याने देणार असाल तर विमावाल्याला तेही आधी सांगा.

सांडपाण्याची टाकी नोंदलेली आहे का, पिण्याचं पाणी कुठल्या झऱ्याचं, हे होम रिपोर्ट, म्हणजे विक्रीआधीचा घराचा तपासणी अहवाल, लिहिणारा सर्व्हेअर बघतो. मासेमारीबद्दल मात्र होम रिपोर्टमध्ये अक्षर नसतं. फिरायला येणारी माणसं काठावरून जाणारच, २००३ च्या जमीन कायद्याने त्यांना जबाबदारीने वावरायचा हक्क आहे, होडीवाल्यांनाही. त्या हक्कात मासेमारी येत नाही, एवढंच. कुत्रा डोहात उडी मारतो तेव्हा तुम्ही हसायचं.

कर नीट मोजा, कारण इथे मराठी माणूस हमखास फसतो. ३,८५,००० ला घेतलंत तर जमीन-इमारत व्यवहार कर नेहमीच्या दराने ११,८५० पौंड. पण एडिंबरातलं घर तुमच्याकडे राहणार, म्हणजे हे दुसरं घर. त्यावरचा अधिभार ५ डिसेंबर २०२४ पासून ८ टक्के आहे, आणि तो संपूर्ण किमतीवर: ३०,८०० पौंड. दोन्ही मिळून ४२,६५०. मासेमारीचा हक्क असल्याने व्यवहार वेगळ्या सदरात बसतो आणि कर कमी होतो, असं कुणीतरी तुम्हाला सांगेल. कधीकधी बसतोही. पण तो वाद दरवेळी कागदांवर ठरतो. कराच्या सल्लागाराला लेखी विचारा, तोवर पूर्ण कर धरून चाला. आणि सुट्टीच्या भाड्याचा परवाना: १ ऑक्टोबर २०२२ पासून स्कॉटलंडमध्ये अल्पमुदतीच्या भाड्याला कौन्सिलचा परवाना लागतो, तो खर्चही धरा.

आता या दहा दिवसांत काय करायचं. इथे बोली वकिलामार्फत पत्राने जाते आणि दोन्हीकडची पत्रं जुळली की व्यवहार दोघांवर बांधील होतो. ही पत्रं साठेखतापेक्षा जड असतात, त्यानंतर माघार महाग पडते. म्हणून आजच वकिलाला गाठा आणि त्याने विक्रेत्याच्या वकिलाला तीनच गोष्टी मागायच्या: सॅल्मनच्या हक्काचं खत आणि दोन्ही नोंदवह्यांतला शोध, मंडळाच्या पट्टीच्या पावत्या आणि पकडीची विवरणपत्रं (दहा वर्षांची), आणि समोरच्या काठाशी असलेले करार. तारखेपर्यंत हे आलं नाही तर बोली लावू नका असं मी म्हणत नाही. बोलीतच अट घाला की सॅल्मनचा हक्क नोंदणीत हमीसकट तुमच्या नावावर लागला पाहिजे, नाहीतर किमतीतून अमुक रक्कम वजा. विक्रेत्याने ती अट झटकली तर तुमच्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं. इतर बोलीवाले अटी घालणार नाहीत आणि घर त्यांना जाईल, ही भीती खरी आहे. माझ्या एका अशिलाच्या हातून असं घर गेलंही. तो अजून माझ्यावर थोडा रागावलेला आहे.

वडिलांचं. घर तुमचं झालं आणि सॅल्मनचा हक्क तुमचा निघाला तर त्यांना तुमची लेखी परवानगी खिशात द्या, घरचं माणूस असलं तरी. परवानगीविना सॅल्मन धरणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे आणि जलरक्षक विचारतो. सरकारी गळ-परवाना स्कॉटलंडमध्ये लागत नाही, सीमेवरच्या एस्क नदीचा अपवाद सोडला तर. रविवारी सॅल्मनला गळ टाकायचा नाही, कायद्याने. गांडूळ लावायचं की नाही हे मंडळाच्या नियमात बघा, पुष्कळ ठिकाणी फक्त पिसांची माशीच चालते, तेव्हा वाशिष्ठीवरचं कसब थोडं बाजूला ठेवावं लागेल. सरकार दरवर्षी नदीतले सॅल्मन बघून प्रत्येक नदीला श्रेणी देतं. तिसरी, म्हणजे सगळ्यात खालची, श्रेणी असेल तर धरलेला प्रत्येक सॅल्मन पाण्यात परत सोडावा लागतो. कुठल्याही नदीवर १ एप्रिलच्या आधीचा तर सोडायचाच. ठेवायची मुभा असली तरी विकायचा नाही. हे त्यांना विमानात बसायच्या आधी सांगा, कारण आईने मसाला वाटून ठेवला असेल. आणि सॅल्मन म्हणजे आपला रावस नव्हे हेही सांगा. मुंबईत रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतात, पण दोघांचा काही संबंध नाही.

सॅल्मनचा हक्क तुमचा निघाला नाही, तरी काठ तुमचा असेल तर ट्राउट आहे. त्याचा हंगाम १५ मार्च ते ६ ऑक्टोबर, आणि रविवारीही चालतो. गणपतीनंतर लगेच आले तर त्यांना दोन-तीन आठवडे सहज मिळतील. त्यांच्यासाठी जाड लोकरी मोजे घेऊन ठेवा, सप्टेंबरअखेरचं पाणी त्यांना वाटतं त्याहून खूप गार असतं.